मोबाइल घरात आहे, पण नंबर कुणाचा?

(प्रभागसंघाच्या सभेत केलेलं भाषण)



आज सभेला निघताना किती जणींनी बटव्यात पैसे घेतले? हात वर करा बघू. कमीच आहेत. बरोबर आहे, सवयच झालीय. किराणा, दळण, विजेचं बिल, रिचार्ज, सगळं फोनवर. दुकानातल्या त्या चौकोनासमोर मोबाइल धरला की झालं.

हे यूपीआय सुरू झालं २०१६ साली, म्हणजे फार जुनी गोष्ट नाही. त्याआधी हजार रुपये काढायचे तर तालुक्याच्या बँकेत जायचं. एक रोज बुडायचा, एसटीचं भाडं जायचं, आणि खिडकीशी पोचलं की आतून आवाज यायचा, "लिंक नाही, उद्या या." तो काळ परत यावा असं मी मुळीच म्हणणार नाही. ज्यांना जुनं ते सगळं सोनं वाटतं त्यांनी कडेवर लेकरू घेऊन त्या रांगेत उभं राहून बघावं.

माझं विचारणं वेगळं आहे. खातं तुमच्या नावाचं, गटाचं कर्ज तुमच्या नावाचं. आणि खात्याला जोडलेला नंबर? तो निघतो मुलाचा, नाहीतर मालकांचा. खातं काढलं तेव्हा घरात एकच फोन होता, तो नंबर दिला, चालून गेलं. मग पोरगं पुण्याला कंपनीत लागतं आणि सिम त्याच्याबरोबर जातं. इकडे तुम्ही लाडक्या बहिणीचं ई-केवायसी करायला सेवा केंद्रात बसलेल्या. ओटीपी जातो आधारला जोडलेल्या नंबरवर, म्हणजे पोराच्या फोनवर. पोरगं ड्युटीवर, फोन लॉकरमध्ये. बुडाला की नाही तो दिवस?

बरं, एवढ्यावर भागत नाही. पैसे जमा झाले, कुणी काढले, हप्ता कापला गेला, सगळे मेसेज त्याच नंबरवर. तुम्हाला काहीच कळत नाही. शिवाय प्रीपेड सिम लागोपाठ ९० दिवस वापरलं नाही तर ते बंद होऊ शकतं, आणि पुढे तोच नंबर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तुमच्या खात्याचे मेसेज मग कुणाच्या हातात जातील?

म्हणून नंबर स्वतःचा करून घ्या. बँकेत जाऊन अर्ज द्यायचा, सोबत पासबुक आणि आधार न्यायचं. आधारमधला नंबर वेगळा बदलावा लागतो, त्यासाठी आधार केंद्रात जाऊन बोटं देता येतात. दोन्ही ठिकाणी जायचं. नुसतं बँकेत बदलून आलात तर काम अर्धंच राहतं. फोन साधा, बटणाचा असला तरी चालतो. त्यावर ओटीपी येतो, आणि स्टार ९९ हॅश लावून इंटरनेटशिवाय खात्यातली शिल्लकही बघता येते.

आता अंगठ्याचं. आपल्या बीसी सखी दारापर्यंत मशीन आणतात, मोठी सोय आहे. पण भांडी घासून, निंदून-खुरपून आपल्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. अंगठा लागत नाही, मग पुन्हा लावा, पुन्हा लावा. कधी पैसे हातात येत नाहीत आणि खात्यातून मात्र वजा होतात. अशा वेळी "जाऊ दे, येतील" म्हणून घरी जायचं नाही. रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियम आहे. अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत खात्यात परत यायला हवी, आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. फोनवरून दुसऱ्या माणसाला पाठवलेले पैसे वजा होऊन त्याला पोचलेच नाहीत, तर मुदत आणखी कमी, एकाच दिवसाची. पण हे मागायला पावती लागते. अंगठा जितक्या वेळा लावला तितक्या पावत्या घ्या. पैसे निघाले नाहीत तरी घ्या. "नुसता बॅलन्स बघते" म्हणून कुणी अंगठा लावून घेतला, तर त्याचीही घ्या.

पापड, लोणचं विकणाऱ्या मैत्रिणींनी एवढं पक्कं धरा, की पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन लागतो तो द्यायला. "ताई, ऑर्डरचे पैसे पाठवतोय, तेवढा पिन टाका" असा फोन आला की ठेवून द्या. प्रदर्शनात गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक मोबाइलवरचा फोटो दाखवतं, "पाठवले बघा." फोटो म्हणजे पैसे नव्हेत. आपल्या फोनवर जमा झाल्याचं दिसल्यावरच पिशवी हातात द्या. गिऱ्हाईक रुसलं तर रुसू द्या! आणि फसगत झालीच, तर लाजत घरात बसायचं नाही. १९३० या नंबरवर लगेच फोन करायचा. पैसे पुढे दुसऱ्या खात्यात जाण्याआधी अडवता आले तरच हाती लागतात, म्हणून घरात कोण काय म्हणेल ते नंतर बघू.

एक गोष्ट आपल्या गटातली, जरा बोचेल. बैठकीला यायला जमत नाही म्हणून सभासद बचतीचे पैसे फोनवर पाठवतात. कुणाला? तर एखाद्या पदाधिकारी ताईच्या खात्यावर, कधी तर तिच्या मालकांच्या खात्यावर. त्या ताईची नियत चांगलीच असते. पण तीन महिन्यांनी हिशेब लागत नाही आणि ज्या दोघी एका ताटात जेवायच्या त्या एकमेकींशी बोलत नाहीत. पैसे पाठवायचे तर गटाच्या बँक खात्यावरच पाठवा. आणि त्याची नोंद त्याच आठवड्याच्या बैठकीत, सगळ्यांसमोर, वहीत आणि सभासदाच्या पासबुकात झाली पाहिजे. मोबाइलमध्ये मेसेज आहे म्हणून वहीत लिहायचं सोडू नका. मोबाइल पाण्यात पडतो, वही पेटीत असते.

थोडी रोकडही घरात असू द्या. पावसाळ्यात दोन दोन दिवस लाइट नसते, रेंज नसते, आणि पोराला ताप यायचा तो नेमका तेव्हाच येतो. रात्रीच्या रिक्षाचे आणि औषधाचे होतील एवढे पैसे डब्यात हवेत.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने बँकेचं पासबुक छापून आणायचं आहे. खात्याला कुणाचा नंबर जोडलाय तेही बँकेत विचारून या. सचिव ताई सगळ्यांची नोंद करतील, आणि ज्यांचा नंबर बदलायचा आहे त्या सगळ्या मिळून एकाच दिवशी बँकेत जाऊ.