तारामती कामाला निघाली

(मंडळाच्या गणेशोत्सवात तिसऱ्या दिवशी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर. अनेक सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, लोको शेडमध्ये रमलेला माणूस. इंजिनाखाली पिटमध्ये उभे राहून बोलायची सवय. तिथे आवाज मोठा लागतो आणि शब्द कमी. तेव्हा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आपल्या सांस्कृतिक चिटणीसांनी विषय दिला, 'माझी आवडती जुनी अभिनेत्री'. घरी मंडळींनी नूतन सुचवली, मुलीने मधुबाला. मी म्हणालो, दुर्गा खोटे. मुलगी म्हणाली, "म्हणजे 'मुगल-ए-आझम'मधली सलीमची आई?" हो, त्याच. आपल्यापैकी बहुतेकांना दुर्गाबाई आई किंवा आजी म्हणूनच ठाऊक आहेत. १९६० सालची जोधाबाई, १९७३ सालच्या 'अभिमान'मधली मावशी, त्याच वर्षीच्या 'बॉबी'मधली आजी. पण मला आज बोलायचे आहे ते सत्ताविशीतल्या दुर्गाबाईंविषयी. त्याच का, ते शेवटी सांगतो.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ चा. माहेरचे नाव विटा लाड. घराणे मूळचे गोव्याकडचे. वडील पांडुरंग लाड मुंबईत सॉलिसिटर. मुलगी कॅथेड्रल शाळेत आणि पुढे सेंट झेवियर्स कॉलेजात शिकली. ज्या काळात मुलीला मराठी चौथीनंतर घरी बसवत, त्या काळातली ही गोष्ट आहे. लग्न झाले ते विश्वनाथ खोटे यांच्याशी, म्हणजे तेही सुखवस्तू घर. पण दिवस फिरले. सासरची श्रीमंती ओसरली, आणि पदरात दोन लहान मुलगे. घर चालवायचे तर कमावणे भाग होते.

आज आपण म्हणू, शिकलेल्या होत्या, लागल्या कामाला, त्यात काय एवढे? पण काम मिळाले ते सिनेमात. त्या वेळी सिनेमा म्हणजे काय होते, हे समजायला थोडे मागे जावे लागेल. दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' काढला, तो ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. त्यात तारामतीच्या कामासाठी बाई मिळेना. शेवटी एका हॉटेलात आचारी असलेल्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून तारामती केले. त्याच वर्षी फाळक्यांच्या दुसऱ्या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या, त्यांचे मोठेपण आहेच. पण पुढची कितीतरी वर्षे 'चांगल्या घरातली बाई सिनेमात जात नाही' हा नियम काही सुटला नाही.

१९३१ साली 'आलम आरा' आला आणि सिनेमा बोलू लागला. त्याच वर्षी दुर्गाबाईंनी 'फरेबी जाल' नावाच्या चित्रपटात एक छोटी भूमिका केली. चित्रपट अगदीच सुमार निघाला. सॉलिसिटरची मुलगी, खोट्यांची सून, आणि असल्या चित्रपटात? ओळखीच्या लोकांत नको तेवढी चर्चा झाली. एखादी दुसरी असती तर तिथेच तिने सिनेमाला कायमचा नमस्कार केला असता.

पण तो सुमार चित्रपट कोल्हापूरच्या 'प्रभात'मधल्या व्ही. शांतारामांनी पाहिला. चित्रपटातले बाकी काही नाही, ही बाई त्यांच्या लक्षात राहिली. 'प्रभात'चा पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा' मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत निघायचा होता. कथा तीच, हरिश्चंद्राची. हरिश्चंद्र गोविंदराव टेंबे आणि तारामती दुर्गा खोटे. १९३२ साली चित्रपट लागला. आचाऱ्याला नेसवलेले लुगडे एकोणीस वर्षांनी एका पदवीपर्यंत शिकलेल्या, घरंदाज बाईने नेसले, असे मी म्हणतो.

आता जरा ही कथाच आठवून पाहा. आपण लहानपणापासून हरिश्चंद्राचे सत्त्व, हरिश्चंद्राचे सत्य ऐकत आलो. पण तारामती काय करते? राज्य जाते, मग काशीला दुसऱ्याच्या घरी ती कामाला राहते. मुलासाठी आणि नवऱ्याच्या शब्दासाठी राणी कामाला निघते. पडद्यावरची तारामती आणि ती साकारणारी बाई, दोघींची अवस्था त्या वेळी फार वेगळी नव्हती. लोकांनी टीका विसरून त्यांना डोक्यावर घेतले.

तांत्रिक माणूस म्हणून एक सांगतो. तेव्हा पार्श्वगायन आलेले नव्हते. बोलणे, गाणे, रडणे, चालणे सारे एकाच वेळी, समोर लपवलेल्या माइककडे लक्ष ठेवून. कुठे खुट्ट झाले की पुन्हा पहिल्यापासून. आणि हे एकदा मराठीत, एकदा हिंदीत. ते अंगमेहनतीचे काम होते.

पुढे त्यांची गाडी थांबली नाही. त्याच वर्षी 'माया मच्छिंद्र'मध्ये त्या बायकांच्या राज्याच्या राणी झाल्या. मग कलकत्त्याला जाऊन 'राजरानी मीरा' (१९३३) आणि देवकी बोस यांचा 'सीता' (१९३४) केला; 'सीता' व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला. इथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. त्या काळी नट-नट्या कंपनीचे पगारी नोकर असत. एका स्टुडिओत बांधले गेले की तिथलेच. दुर्गाबाई मोकळ्या राहून वेगवेगळ्या कंपन्यांत काम करणाऱ्या अगदी सुरुवातीच्या कलाकारांपैकी. आपल्या कामाचे मोल त्यांनी स्वतः ठरवले.

१९३६ सालचा 'अमर ज्योती' बघायला मिळाला तर जरूर बघा. त्यात त्या समुद्रावरच्या लुटारूंच्या सरदार आहेत, नाव सौदामिनी. ही बाई लुटारू का होते? तर पोटच्या मुलावर आईचा हक्क नाही, असे राज्याचा न्याय तिला सांगतो म्हणून. १९३६ साली हा प्रश्न पडद्यावरून विचारला गेला आणि तो विचारायला दुर्गाबाईंसारखा चेहरा आणि आवाज होता.

पण मला त्यांचे सर्वांत मोठेपण वाटते ते यानंतरच्या काळात. १९४१ साली आचार्य अत्र्यांच्या 'पायाची दासी'मध्ये त्या खाष्ट सासू झाल्या. वय वर्षे छत्तीस. ज्या बाईने राण्या केल्या, ती सासू करायला कचरली नाही. शेडमध्ये आम्ही हे रोज पाहतो. आज मेल ओढणारे इंजिन उद्या पॅसेंजरला लावतात, पुढे मालगाडीला, शेवटी शंटिंगला. त्यात इंजिनाला कमीपणा नसतो. ब्रेक नीट लागतो का आणि ओढ आहे का, एवढेच पाहायचे. दुर्गाबाईंची ओढ पन्नास वर्षे टिकली. १९७४ च्या 'बिदाई'तल्या आईसाठी त्यांना फिल्मफेअरचे सहायक अभिनेत्रीचे पारितोषिक मिळाले; त्या चित्रपटाच्या वर्षी त्या एकोणसत्तर वर्षांच्या होत्या. तुमच्या-माझ्या निवृत्तीच्या वयानंतर नऊ वर्षांनी!

मराठी रंगभूमीवरही त्यांनी काम केले आणि १९५८ साली आपल्या या दिल्लीतल्या संगीत नाटक अकादमीने त्यांचा सन्मान केला. १९६८ साली पद्मश्री. मधल्या काळात त्यांनी लघुपट आणि जाहिरातपटांची स्वतःची संस्था काढली. आणि १९८३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार त्यांना मिळाला. ज्या फाळक्यांना तारामती करायला बाई मिळाली नव्हती, त्यांच्या नावाचा पुरस्कार बोलपटातल्या तारामतीला! पुढे ३ मे २०१३ रोजी भारतीय चित्रपटाची शंभरी झाली, तेव्हा टपाल खात्याने काढलेल्या तिकिटांत एक तिकीट दुर्गाबाईंचे होते.

आता मी सुरुवातीला राखून ठेवलेली गोष्ट.

माझे बालपण भुसावळच्या रेल्वे कॉलनीत गेले. वडील फिटर होते. १९८८ साली दूरदर्शनवर 'वागले की दुनिया' लागू लागली. शेजाऱ्यांच्या घरी आम्ही सगळे दाटीवाटीने बसून बघायचो. वागलेंची फजिती झाली की वडील खदखदून हसायचे. आईने पेपरात वाचले होते की ही मालिका दुर्गा खोटे यांच्या संस्थेने काढली आहे. ती म्हणायची, "ऐंशीच्या पुढे वय आहे बाईंचं, आणि अजून काम काढतात."

पुढच्याच वर्षी वडील गेले. मी नऊ वर्षांचा, बहीण पाच वर्षांची. आईला अनुकंपा तत्त्वावर नोकरी मिळत होती. शिक्षण आठवीपर्यंत, म्हणून ऑफिसात शिपायाची. आमच्या नात्यातल्या वडीलधाऱ्यांनी बैठक घेतली. म्हणाले, "पेन्शनवर भागव. मुलगा अठराचा झाला की त्याला लावू नोकरीला. आपल्या घरच्या बाईने साहेबांना पाणी द्यायचं, हे बरं दिसत नाही." आई काहीच बोलली नाही. सोमवारी सकाळी डबा भरून कामावर गेली. ते नातेवाईक पुढची दोन वर्षे आमच्याकडे आले नाहीत.

तेव्हा तिने वाचनालयातून 'मी, दुर्गा खोटे' हे आत्मचरित्र आणले होते. रात्री आम्ही झोपल्यावर चार-चार पाने वाचायची. मुदत संपली की परत नोंदवून तेच आणायची. एकदा मी विचारले, "आई, तू रडत का नाहीस?" ती म्हणाली, "रडून झालं रे. रडण्याचा पगार मिळत नाही."

बंधू-भगिनींनो, आता कबुली देतो. या सगळ्यात नातेवाईकांपेक्षा मोठा अपराधी मीच होतो. शाळेत कोणी विचारले, आई काय करते, तर मी सांगायचो, "घरीच असते." एकदा ती ऑफिसच्या निळ्या साडीत, हातात फायली घेऊन शाळेवरून चालली होती. माझ्या मित्रांसमोर मी तिच्याकडे पाठ फिरवली. तिने पाहिले. घरी आल्यावर एका शब्दाने बोलली नाही, नेहमीसारखी गरम भाकरी वाढली. ती भाकरी मला अजून आठवते.

पुढे तिने बाहेरून दहावी केली, खात्याची परीक्षा दिली, क्लार्क झाली आणि २०१५ साली निवृत्त झाली. तिच्या पगारावर माझा डिप्लोमा झाला. अठराव्या वर्षी मला नोकरीला लावायची वेळच आली नाही. निरोपसमारंभात मला बोलायला सांगितले होते. पाठ फिरवल्याचे तेव्हा मी तिच्यासमोर, सगळ्या ऑफिससमोर कबूल केले. आई हसली आणि म्हणाली, "मला वाटलं, तुला मी दिसलेच नाही." खोटे बोलत होती, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

हे सगळे आज सांगायचे कारण आहे. गेल्या वर्षी आपल्यातलाच एक सहकारी अचानक गेला. त्याच्या पत्नी या वर्षी कामावर रुजू झाल्या. परवा आरतीनंतर माझ्या कानावर कुजबुज आली, "वर्षसुद्धा झालं नाही." "शिफ्टची ड्यूटी, रात्रीचं येणं, कसं दिसतं ते." ही वाक्ये मी भुसावळला ऐकली आहेत. आपण घर सोडून हजार-बाराशे किलोमीटर दूर आलो, पण ही वाक्येही आपण सामानात बांधून आणली की काय, असे मला त्या रात्री वाटले.

दुर्गाबाईंविषयीही अशीच कुजबुज झाली होती. ती करणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आज कोणाला माहीत नाही.

म्हणून माझी मंडळाला एक विनंती आहे. आपण पडद्यावरच्या तारामतीला हात जोडतो. आपल्या जिन्यात राहणाऱ्या तारामतीची शिफ्ट दोन ते दहा असेल, तर तिची मुले संध्याकाळी कोणाच्या घरी जेवतील, एवढे विचारू या. वर्गणीपेक्षा ते काम मोठे आहे. आणि त्या मुलांना कोणीतरी सांगा की आईला पाहून पाठ फिरवायची नसते. कोणी नसेल तर मी सांगेन. मला त्यातला अनुभव आहे.

त्या ताई आज या सभागृहात नाहीत. त्या ड्यूटीवर आहेत.