क्यूबाचे ट्रम्पेटवादक: तुटपुंजी साधने, अखंड रियाज

अमेरिकेने १९६२ मध्ये लादलेले व्यापारी निर्बंध आणि १९९१ मध्ये सोव्हिएत संघ कोसळल्यानंतर ओढवलेली टंचाई यांमुळे क्यूबात नवे ट्रम्पेट, सुटे भाग, इतकेच काय, कळांना घालायचे तेलही दुर्मीळ झाले. तरीही तेथील वादकांची तयारी जगभर वाखाणली जाते.

याचे मूळ शिक्षणात आहे. हवानात, जेथे पूर्वी धनिकांचे गोल्फचे मैदान होते, तेथे क्रांतीनंतर राष्ट्रीय कलाशाळा उभी राहिली आणि सरकारी संगीतशाळांत निवडक मुलांना विनामूल्य शिक्षण मिळू लागले. ट्रम्पेटला कळा तीनच असल्याने बहुतेक स्वरभेद ओठांचा ताण आणि श्वासाचा दाब यांवर ठरतात. म्हणून एकेक स्वर दीर्घकाळ स्थिर धरण्याचा रियाज महत्त्वाचा ठरतो, आणि त्याला वेळ व चिकाटीखेरीज फारसे काही लागत नाही. दाटीच्या वस्तीत हा कर्कश वाटणारा सराव अवघड असल्याने अनेक वादक ‘मालेकोन’ या समुद्रकाठच्या लांब कठड्यापाशी लाटांच्या आवाजात तो करतात.

शाळेतील पाश्चात्त्य अभिजात शिस्तीला रस्त्यावरच्या ‘सोन’ या लोकसंगीताची आणि त्यातील ‘क्लावे’ या पाच आघातांच्या आधारभूत लयबंधाची जोड मिळते. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘इराकेरे’ या वाद्यवृंदातून पुढे आलेले आर्तुरो सांदोवाल हे याच दुहेरी संस्कारांचे फळ होय. उत्तम वाद्य साहाय्यभूत ठरते, परंतु वादक घडतो तो गुरू, शिस्त आणि नित्य रियाज यांमुळेच.