जन्म कशासाठी?

(दिंडीच्या शताब्दी सप्ताहात शेणवा इथं झालेलं प्रवचन. ध्वनिफितीवरून उतरवून घेतलं आहे. बोलण्याचा ढंग शक्यतो तसाच ठेवला आहे.)

दिंडीतले ज्येष्ठ वीणेकरी, चोपदार, टाळकरी, मृदंगवादक, आणि डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या सगळ्या माउली. पत्रिकेत आमचं नाव शेवटी आहे, त्यामुळे दिंडीचा इतिहास आधीच्या मंडळींनी सांगून टाकला. बरंच झालं, आम्हांला तो इतका नीट सांगता आला नसता. आम्ही एक प्रश्न घेऊन उभे आहोत. प्रश्न आमचा नाही. ज्यांचा आहे ते या मंडपातच बसले आहेत. त्यांना विचारून बोलतो आहोत, नाव मात्र घेणार नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढ लागलेला, आवणी ऐन भरात. आपल्या दिंडीत वीणा घेणाऱ्या एका गृहस्थांचा मुलगा, वय बावीस. दिवसभर चिखलात राबून आला, जेवला, पडवीत भुईवर घोंगडी टाकून झोपला. रात्री मण्यार चावली. मण्यार चावलेलं पुष्कळदा कळतच नाही हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. पहाटे पोर घुसमटायला लागलं आणि उजाडेपर्यंत गेलं. रोपांच्या मुठी बांधून बांधावर ठेवलेल्या होत्या, त्या तशाच.

दहाव्याला नदीवर प्रवचन आमच्याकडे होतं. आम्ही जे नेहमी सांगतो तेच सांगितलं. चौऱ्यांशी लक्ष योनी, त्यातून दुर्लभ नरदेह, प्रत्येक जीव काही हेतूनं पाठवलेला, हेतू पुरा झाला की परत बोलावणं. तीस वर्षं हेच सांगत आलो होतो. लोक माना डोलावतात, बायका डोळे पुसतात, आपल्यालाही वाटतं आपण चार लोकांना धीर दिला.

प्रवचन संपलं, पिंडाला कावळा शिवला, लोक उठले. ते गृहस्थ जवळ आले. वयानं आमच्यापेक्षा मोठे, तरी पायाला हात लावला. म्हणाले, ''बुवा, परतेक जीव कामासाठी येतो म्हंता. माझ्या पोराचं काय काम झालं व्हतं, सांगा.''

रागानं नव्हे. आम्ही सांगू शकू अशा भरवशानं विचारलं, आणि तेच जास्त लागलं. आम्ही म्हणालो, ''माउलीची इच्छा.'' पोथी गुंडाळली आणि एकाच्या मोटारसायकलवर मागं बसून घरी आलो. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

नंतर कानावर आलं की कोणीतरी त्यांना 'मागल्या जन्मीचं' असंही ऐकवलं होतं. प्रारब्ध आम्ही नाकारत नाही, ते आपल्या शास्त्रात आहे. पण प्रारब्ध हे फार तर 'कशामुळे' याचं उत्तर झालं. बापानं विचारलं होतं 'कशासाठी'. हे दोन प्रश्न आपण कीर्तनात सर्रास एक करतो. आणि 'कशामुळे'चं ते उत्तरसुद्धा दहाव्याच्या घाटावर, बापाच्या तोंडावर सांगायचं असतं का? ज्यानं सांगितलं त्याला दोष देत नाही. आम्ही काय वेगळं केलं होतं?

घरी आलो आणि पोथ्या काढल्या. म्हटलं, बघू तरी, प्रत्येक जन्माला नेमून दिलेला हेतू असतो असं नक्की लिहिलंय कुठं. मोक्षासाठी नरदेह, हे जागोजाग आहे. पण हा देह याच कामासाठी, तो देह त्याच कामासाठी, असा हुकूम आम्हांला सापडला नाही. उलट ब्रह्मसूत्रात, दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात, हाच प्रश्न उभा केला आहे. ज्याला काही मिळवायचं बाकी नाही, त्यानं जग कशाला निर्माण केलं? आणि उत्तर दिलं आहे की हेतू नाही, ही लीला आहे. आपले ज्ञानोबा तर आणखी पुढं गेले. अमृतानुभवाचं सातवं प्रकरण आठवा, अज्ञानखंडनाचं. जग अज्ञानातून उत्पन्न झालं म्हणणाऱ्यांचं म्हणणं माउलींनी एकेक करून मोडून काढलं आणि सांगितलं की हे सगळं चैतन्याचाच विलास आहे. आता विलास कशासाठी असतो? अंगणात पोर गिरक्या घेतं, त्याला विचारा कशासाठी. ते तुमच्याकडे बघून परत गिरकी घेईल.

म्हणजे ज्या माउलींचं नाव घेऊन आम्ही हेतूचं प्रवचन झोडत होतो, त्या माउलींनी हेतूचा पायाच ठेवलेला नाही. हे कळलं तेव्हा आधी हायसं वाटलं, मग भीती वाटली. कारण 'तुझ्या पोराच्या जन्माला नेमून दिलेलं काम नव्हतंच' हे शास्त्राला धरून खरं असलं, तरी ते बापाला सांगणार कोण?

हेतू कशाला असतो, जरा बघा. आपल्या तालुक्यात धरणं आहेत. तानसाचं धरण १८९२ साली पुरं झालं, पुढं वैतरणेवर झालं, भातसेवर झालं. त्या प्रत्येकाला हेतू आहे: मुंबईला पाणी. तो माणसानं दिला, म्हणून आहे. (आपल्या गावापाड्यांना चैत्रात टँकर का लागतो, हा हेतू ठरवणाऱ्यांना विचारायचा प्रश्न, आज विषय वेगळा आहे.) पण भातसा नदीला हेतू काय होता? धरणाच्या आधी ती कशासाठी वाहत होती? काळूला मिळायला? उल्हासाला मिळायला? तिला कुणी काम नेमून दिलं नव्हतं. आणि तिच्या काठी भात होत होतं, ढोरं पाणी पीत होती, आपले वाडवडील आंघोळ करून माळ जपत होते. हेतू नव्हता म्हणून नदी फुकट गेली, असं कुणी म्हणेल का? नांगर, जू, पाइप यांना हेतू असतो. माणूस पाइप आहे की नदी, हे आधी ठरवायला पाहिजे.

त्या वर्षी कार्तिकात दिंडी आळंदीला निघाली. आपल्या भागातल्या लोकांना आषाढीला निघता येत नाही, तेव्हा शेत सोडून गेलं तर वर्ष गेलं. म्हणून आपला भर कार्तिक वद्य एकादशीवर. कुणी हिणवतात. हिणवू देत. सावतामाळी अरणच्या मळ्यातून हलले नाहीत, तरी संतांच्या मांदियाळीत आहेतच. तर सरळगाव, टोकावडं करत माळशेजचा चढ लागला. आमच्या बाजूला एक मुलगा चालत होता, कल्याणला कॉलेजात शिकणारा. आम्ही त्याला ही नदीची गोष्ट सांगितली. त्यानं आम्हांला एक सांगितली. आल्बेर काम्यू नावाचा फ्रेंच लेखक होता. त्यानं १९४२ साली एक पुस्तक छापलं, त्यात ग्रीक लोकांची एक जुनी कथा आहे. सिसिफस नावाच्या राजाला देवांनी शिक्षा दिली की मोठा धोंडा डोंगरावर ढकलत न्यायचा. माथ्याजवळ गेला की धोंडा खाली येणार, याने परत खाली जायचं, परत ढकलायचा. कायम. माणसाचं जगणं असंच आहे म्हणतो काम्यू, त्यात आयता अर्थ भरून ठेवलेला नाही. तरी तो लेखक त्या राजाला दुःखी मानत नाही.

मुलगा म्हणाला, ''बुवा, वारीपण तशीच ना? जायचं, कळस बघायचा, परत यायचं. पुढच्या वर्षी परत.''

घाटात दम लागलेला, आम्ही लगेच बोललो नाही. तुलना चुकीची नव्हती. वारकरी नवस फेडायला जात नाही. मागायचं काही नसतं, आणायचं म्हणजे प्रसादाचे चुरमुरे आणि बुक्का. हिशेब मांडला तर वारी धोंड्यासारखीच. पण वर वळणावर टेकलो तेव्हा पुढं बघितलं, मागं बघितलं. पुढच्याच्या पायात फोड आलेला, मागचा त्याची पिशवी घेऊन चाललेला. आम्ही त्या मुलाला म्हटलं, ''तुझ्या त्या राजाला दिंडी नव्हती रे.'' तो हसला. त्याला पटलं की आमच्या वयाचा मान ठेवला, माहीत नाही.

पुढं ओतूरला बाबाजी चैतन्यांची समाधी लागते, म्हणजे तुकोबांचे गुरू. तिथं भजनाला बसलो आणि तुकोबांचा विचार सुरू झाला. १६३० च्या सुमाराचा तो मोठा दुष्काळ. त्यात पहिली बायको गेली, पोरगा गेला, व्यापार बसला. त्या संकटाबद्दल तुकोबांनी पुढं देवाचे आभार मानले आहेत, तो अभंग इथं सगळ्यांना पाठ आहे. आम्ही कीर्तनकार त्याच्यावरून काय सांगतो? तुकोबांना विरक्त करायचं होतं, म्हणून दुष्काळ पडला! अहो, त्या दुष्काळात दख्खनात माणसं किती मेली याला गणती नाही. ती सगळी एका वाण्याला संत करायला मेली? आणि तो पोरगा, तो काय बापाच्या वैराग्याची शिडी होता? तुकोबांनी आभार मानले ते स्वतःच्या दुःखाचे, स्वतःच्या तोंडानं, आणि मागाहून. दुष्काळात पोर गेलेल्या शेजाऱ्याच्या दारात जाऊन 'हे तुझ्या बऱ्यासाठी झालं' असं ते म्हणाले, असं एकाही चरित्रात आमच्या वाचनात नाही. त्यांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, एवढं मात्र सांगतात. उपदेश करण्याआधी लोकांच्या मानेवरचं ओझं उतरवलं.

चोखोबांचं तसंच. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू होतं, भिंत कोसळली, मजूर खाली गाडले गेले, त्यात चोखोबा गेले. एवढा मोठा भक्त आणि मरण आलं ढिगाऱ्याखाली. कशासाठी? नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. कथा सांगते की हाडांना कान लावून त्यांनी चोखोबांच्या अस्थी ओळखल्या, पंढरपूरला आणल्या आणि महाद्वारापुढं समाधी दिली. आम्ही किती वेळा ही कथा सांगितली असेल! पण त्या कार्तिकात पहिल्यांदा ध्यानात आलं की नामदेवराय तिथं प्रवचन करत नाहीत. चोखोबांच्या मरणाचा हेतू सांगत नाहीत. ढिगारा उपसतात. जिवंतपणी ज्याला देवळात शिरू दिलं नाही, त्याची हाडं छातीशी धरून देवाच्या दारात आणतात.

दिंडी आळ्याला रेड्याच्या समाधीला थांबली. तिथं एक आजी म्हणाल्या, ''त्या रेड्याचं बरं, वेद बोलला नि सुटला. आमालाच मेलं काय बोलायचं ते कळत नाय.'' सगळे हसले. आम्हीही.

परत आल्यावर आम्ही त्या गृहस्थांच्या घरी गेलो. माफी मागायला, खरं तर. ते ओटीवर भात वाळवत होते. आम्हांला वाटलं होतं त्या साली शेत पडीक राहिलं असणार. मग कळलं. पोराला अग्नी दिल्याच्या तिसऱ्या दिवशी आपल्या दिंडीतले दहाबारा जण आणि शेजारच्या ठाकरवाडीतल्या बाया न बोलवता त्यांच्या शेतावर गेल्या. मुठी सुकायला लागल्या होत्या, रोप कुणाच्या सुतकासाठी थांबत नाही. दीड दिवसात सगळी आवणी उरकली. आम्ही दहाव्याला घाटावर हेतू सांगत होतो, तेव्हा पलीकडं ते शेत हिरवं होऊन उभं होतं. आम्हांला दिसलं नव्हतं.

आम्ही म्हणालो, ''दादा, त्या दिवशी तुम्ही विचारलंत त्याचं उत्तर आम्हांला ठाऊक नाही. ठाऊक असल्यासारखं बोललो, ती चूक झाली.''

ते बराच वेळ भातावर हात फिरवत राहिले. मग म्हणाले, ''मला बी म्हाईत नाय. चा घ्या.''

प्रश्न सुटला, असं आम्ही म्हणत नाही. अजूनही कुणी म्हणेल, बुवा, हेतू असतोच, तुम्हांला कळत नाही एवढंच. असेल. तसं मानून ज्याला बळ मिळतं त्याचं बळ काढून घेणारे आम्ही कोण? पण ते स्वतःसाठी मानावं. दुसऱ्याच्या पोराचा हेतू आपण सांगू नये. आम्ही त्यानंतर दहाव्याच्या प्रवचनातून ते वाक्य काढलं. लोकांच्या ते लक्षात आलं की नाही कुणास ठाऊक, कुणी विचारलं नाही.

एक शेवटचं. पुढच्या वर्षीच्या सप्ताहाची पहाऱ्याची यादी लिहीत होतो. सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही, हा आपला नेम. दिवसाचे पहारे पटापट भरतात. संध्याकाळचा हरिपाठ, रात्रीचं कीर्तन, तेव्हा तर वीणा घ्यायला चढाओढ. अडतो तो रात्री दोन ते चारचा. मंडपात कुणी नसतं. दोन कुत्री, एक समई, आणि पाऊस असला तर पत्र्यावर पाऊस. ऐकायला कुणी नाही, बघायला कुणी नाही, आणि माणूस गळ्यात वीणा अडकवून नाम घेत उभा. कशासाठी, असं विचारलं तर सांगण्यासारखं एवढंच की बाराला कुणीतरी उभा राहिला होता, त्यानं दोनला आपल्या गळ्यात दिली, आणि चारला कुणीतरी डोळे चोळत येणार आहे. तो येईपर्यंत खाली ठेवता येत नाही.

त्या गृहस्थांनी येऊन तोच पहारा मागितला. सातही रात्री. म्हणाले, ''झोप तशी लागतच नाय.'' आम्ही एका रात्री चारला वीणा घ्यायला गेलो. त्यांनी आमच्या गळ्यात वीणा घातली, आम्ही एकमेकांच्या पाया पडलो, ते बाहेर जाऊन पायरीवर बसले. आम्ही नाम घेत होतो, ते बाहेर हळू आवाजात साथ करत होते. उजाडल्यावर घरी गेले, ढोरं सोडायची होती.

या शताब्दी सप्ताहातही दोन ते चारच्या पहाऱ्याला तीन रात्री मोकळ्या आहेत. यादी विठ्ठलाच्या उजव्या हाताच्या खांबाला लावली आहे, पेन दोरीला बांधलं आहे. तरुण मंडळींनी बघावी.

रामकृष्ण हरी.