पेट्रोलमधील मद्यार्क : लाभ आणि दक्षता
(ऊस उत्पादक व वाहनचालक यांच्या मेळाव्यात दिलेले भाषण)



आज येथे ऊस पिकविणारे आणि वाहन चालविणारे एकत्र जमले आहेत. पेट्रोलमध्ये मिसळल्या जाणाऱ्या मद्यार्काविषयी, म्हणजेच इथेनॉलविषयी, शेतकऱ्यांच्या मनात आशा आहे, तर वाहनचालकांच्या मनात शंका आहे. दोन्हींना आधार आहे. म्हणूनच या विषयाच्या जमेच्या आणि खर्चाच्या, अशा दोन्ही बाजू आपणांपुढे ठेवावयाच्या आहेत.

ही कल्पना नवी नाही. इंधनासाठी मद्यार्क वापरण्याविषयीचा कायदा आपल्या देशात १९४८ मध्येच झाला होता. ब्राझीलने १९७५ मध्ये, तेलाच्या भाववाढीचा फटका बसल्यावर, उसापासून इंधन निर्माण करण्याची राष्ट्रीय योजना हाती घेतली. आपल्याकडे २००१ मध्ये प्रायोगिक प्रकल्प सुरू झाले, त्यांत महाराष्ट्रातील मिरज व मनमाड ही ठिकाणे होती. २००३ पासून नऊ राज्यांत पाच टक्के मिश्रणाचा कार्यक्रम आला. २०२२ मध्ये देशाने दहा टक्क्यांचा आणि २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा टप्पा गाठला.

मद्यार्क इंजिनात नेमके काय करतो? सिलिंडरमध्ये पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि ठिणगीने पेटते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा काही भाग आपोआप पेटला, तर इंजिनातून ठोक्यांचा आवाज येतो, शक्ती वाया जाते आणि दट्ट्यास इजा पोहोचते. हे टाळण्यासाठी १९२० च्या दशकापासून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालीत असत. ठोके थांबले, पण शिसे धुराबरोबर हवेत आणि हवेतून मुलांच्या रक्तात गेले. आपल्या देशात शिसेयुक्त पेट्रोलची विक्री २००० मध्ये बंद झाली. ठोके रोखण्याचे तेच कार्य मद्यार्क शिशाच्या विषाविना करतो. त्याच्या वजनाचा सुमारे ३५ टक्के भाग प्राणवायूचा असल्याने ज्वलन अधिक पूर्ण होते. नीति आयोगाच्या २०२१ च्या अहवालानुसार, वीस टक्के मिश्रणाच्या चाचण्यांत कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण दुचाकींत सुमारे निम्म्याने, तर चारचाकींत सुमारे ३० टक्क्यांनी घटले. मात्र ॲसिटाल्डिहाइड नावाचा दुसरा घातक पदार्थ काहीसा वाढतो, हेही त्याच अहवालात नमूद आहे.

आता वाहनचालकांची तक्रार. एक लिटर मद्यार्कातील उष्णता एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असते. त्यामुळे वीस टक्के मिश्रणाच्या प्रत्येक लिटरमागे उष्णता सुमारे सात टक्क्यांनी कमी मिळते. जुन्या चारचाकींचे मायलेज सहा ते सात टक्के, तर जुन्या दुचाकींचे तीन ते चार टक्के घटू शकते, असा उपरोक्त अहवालाचा अंदाज आहे. इंजिनाची रचनाच या इंधनास अनुरूप असेल, त्यात मिश्रण अधिक दाबता येत असेल, तर हा तोटा बराच भरून निघतो. म्हणजे मद्यार्काचा पुरता लाभ हवा असेल, तर इंधनाबरोबर इंजिनही बदलले पाहिजे.

या इंधनाचा मोठा शत्रू पाणी होय. साध्या ऊर्ध्वपातनाने मद्यार्क सुमारे ९६ टक्क्यांपर्यंतच शुद्ध होतो. उरलेले पाणी सूक्ष्म छिद्रांच्या विशिष्ट चाळणीसदृश पदार्थांतून काढावे लागते. पुढे साठवणुकीत वा टाकीत पाणी शिरले, तर मद्यार्क पाण्याला धरून पेट्रोलपासून विलग होतो व तळाशी बसतो, आणि मग गाडी सुरू होत नाही. धातू गंजू नये म्हणून इंधनात गंजरोधक पूरक द्रव्येही घालावी लागतात. जुन्या रबरी नळ्या मात्र या मिश्रणाने लवकर खराब होऊ शकतात.

पाण्याचाच प्रश्न शेतातही आहे. एक टन मळीपासून सुमारे सव्वादोनशे लिटर मद्यार्क मिळतो. मळी हा साखरेचा उपपदार्थ, तोवर प्रश्न सोपा होता. थेट उसाच्या रसापासून मद्यार्क करू लागलो, की साखर, इंधन आणि पाणी यांचा एकत्र विचार करावा लागतो. पावसाने ओढ दिल्यावर डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र शासनाने रसाच्या अशा वापरावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठविले. आसवनीतून मद्यार्काच्या कित्येक पट बाहेर पडणारे काळसर सांडपाणी प्रक्रियेविना ओढ्यात गेले, तर शहराच्या हवेत साधलेले गावाच्या विहिरीत गमावल्यासारखे होईल.

तेव्हा वाहनचालकांना विनंती, की आपले वाहन किती टक्के मिश्रणास योग्य आहे, हे पुस्तिकेत पाहावे. जुन्या वाहनाच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात आणि पावसाळ्यात टाकीचे झाकण घट्ट बसते ना, याची खात्री करावी. ऊस उत्पादकांना विनंती, की ठिबक सिंचनाने पाण्याची बचत करावी आणि आपल्या कारखान्याच्या सर्वसाधारण सभेत मद्यार्काच्या उत्पन्नाबरोबरच सांडपाण्याचाही हिशेब विचारावा. तो विचारण्याचा सभासद म्हणून आपणांस पूर्ण अधिकार आहे.