आईचं दूध प्यालेल्यांनो
(वस्तीतल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला कविता वाचायला बोलावलंय. पण आज कविता नाही. आज दुधाबद्दल बोलणार आहे. हसू नका.

आपल्या सभांत एक आरोळी ठरलेली. ‘आईचं दूध प्याला असशील तर ये पुढं!’ मीही ती घसा फोडून दिलीय, टाळ्या घेतल्यात. गेल्या पावसाळ्यात माझी धाकटी बहीण सातव्या महिन्यातच बाळंत झाली. पोरगी बाराशे ग्रॅमची. मी गोदीतला हमाल, पन्नास किलोचं पोतं पाठीवर घेताना काही वाटत नाही. ते बाराशे ग्रॅम बघून हात कापले. त्या पोरीला आईचं दूध पिताच येत नव्हतं.

37 आठवडे भरायच्या आत जन्मलेलं मूल अपुऱ्या दिवसांचं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं, या तिघांचा मेळ 34 आठवड्यांच्या आसपास बसतो. तोवर नळीतनं दूध घालायचं, सुरुवातीला एक-दोन मिलिलिटर. आणि ते आईचंच हवं. पहिला पिवळा चीक म्हणजे रोगाशी लढायची शिदोरी. असल्या कच्च्या आतड्याला सूज येऊन ते सडायचा धोका असतो. आईच्या दुधानं तो कमी होतो, डब्याच्या दुधानं वाढतो.

पण मूल चोखत नाही तर दूध उतरणार कसं? हातानं पिळून काढायचं. दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. काढत राहिलं तर येतं, नाही काढलं तर आटतं. गोदीत आमची पाळी आठ तासांची, हिची चोवीस तासांची. आणि हजेरी कोण मांडत नाही.

दवाखान्याचं नाव घेत नाही. पोरगी आत काचेच्या पेटीत, आई बाहेर जिन्यावर. ओली बाळंतीण पायरीवर बसून पदराआड वाटी धरायची. शेजारनं माणसं वरखाली करायची. पहिल्या दिवशी वाटीचा तळ नुसता ओला झाला. आतली बाई खेकसली, “एवढंच? तुम्ही लोक काही खाता की नाही?” तुम्ही लोक म्हणजे कोण, ते आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. वर डब्याच्या दुधाची चिठ्ठी हातात.

बहीण म्हणाली, “दादा, मलाच दूध नाही रे. मी कसली आई?”

मी आईवर अकरा कविता लिहिल्यात. त्यातली एकही त्या जिन्यावर कामाला आली नाही.

दूध का नव्हतं? पोटात सकाळपासून चहा-पाव. पाठ टेकायला जागा नाही. झोप नाही. चार घरची धुणीभांडी करायची, त्यातल्या दोघांनी महिन्याच्या आत दुसरी बाई ठेवली, तो घोर वेगळाच. माया तिच्याकडं रगड होती हो! पण दुधाला भाकरी लागते, पाणी लागतं, झोप लागते.

रात्रपाळीच्या एका आयाबाईनं तिला हात कसा धरायचा ते दाखवलं. पोरीला उघड्या छातीशी धरायला दिलं. मी कामावरनं सुटलो की डाळ-भाकरीचा डबा घेऊन जायचो. आठवड्यानं वाटी अर्धी भरली. आज पोरगी घरात आहे, रडली की सगळी चाळ जागी होते.

शेजारच्या पायरीवर बांधकामावरची एक बाई बसायची. आठव्या दिवशी मुकादमानं बोलावलं, ती गेली. दूध आटलं. तिच्या पोराचं काय झालं, ते सांगायला माझी जीभ उचलत नाही.

1928 साली मुंबई विधिमंडळात बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाची बाजू बाबासाहेबांनी घेतली. बाईला त्या काळात विसावा मिळण्यात देशाचं हित आहे, असं मांडलं. 1929 ला कायदा झाला, कारखान्यातल्या बायांपुरता. 2017 साली रजा 26 आठवड्यांची झाली. चार घरी भांडी घासणारी त्यात कुठाय? 2011 च्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यात बाळंतिणीला फुकट जेवण ठरलं, साध्या बाळंतपणाला तीन दिवस. बाराशे ग्रॅमचं मूल तीन दिवसांत घरी जातं का? डब्याच्या दुधाच्या जाहिरातीला 1992 च्या कायद्यानं बंदी घातली. पण उपाशी बाईच्या आटलेल्या दुधाहून मोठी जाहिरात कुठली?

आणि होत नाही, असं कुणी सांगू नये. धारावीला लागून असलेल्या शीवच्या महापालिका रुग्णालयात 1989 साली डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी दूधपेढी काढली. जिला दूध जास्त ती देते, दुसरीचं मूल पितं. दूध 62.5 अंशांवर अर्धा तास तापवतात, जंतू मरतात. बाटलीवर जात लिहीत नाहीत. ज्यांच्या सावलीचा विटाळ होता, त्यांच्या दुधावर कुणाचंही पोर जगू शकतं. धर्मशास्त्रवाल्यांनी एकदा ती बाटली बघावी!

आपली मागणी साधी आहे. बाळ आत असेतोवर आईला खाट, आडोसा, दोन वेळचं जेवण आणि बुडालेली मजुरी. जिल्ह्याजिल्ह्यात दूधपेढी. मोर्चा काढू, पण तोवर डबा पोचवायला कोण येणार? पोरांनो, तुम्हालाच विचारतोय.

आईचं दूध प्याला असाल, तर उद्या त्या जिन्यावर या.

जय भीम.