माणूस, काम आणि हिशेब

(गणेशोत्सवात मंडळाच्या व्यासपीठावरून केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण वाघोडियातली मराठी मंडळी. कुणाचे आजोबा गायकवाड सरकारच्या नोकरीत बडोद्याला आले, तर कुणाचे वडील जीआयडीसीतल्या कारखान्यात. गणपतीची वर्गणी काढायची, उत्सवाचा खर्च भागवायचा आणि जे उरेल त्यातून एखाद्या चांगल्या कामाला हातभार लावायचा, हा आपला जुना शिरस्ता.

यंदा त्यावरूनच कार्यकारिणीत बराच वाद झाला. पंचक्रोशीतल्या गरीब मुलांच्या शिक्षणाच्या ज्या उपक्रमाला आपण मदत देतो, त्याच्या संस्थापकाने देणग्यांचे पैसे खासगी कामासाठी वापरल्याचं उघड झालं. नाव घेण्याचं इथे कारण नाही. काही सभासद म्हणतात, "आता एक रुपयाही द्यायचा नाही. लोकांनी घाम गाळून दिलेली वर्गणी आहे." दुसरे म्हणतात, "मुलांनी काय पाप केलं?" दोघांचंही म्हणणं खोटं नाही, म्हणून हा प्रश्न आपण सगळ्यांपुढे मांडत आहोत.

अशीच वेळ आपल्या सर्वांच्या ओळखीच्या एका सेवेवर येऊन गेली आहे. ती सेवा म्हणजे १०८. घरात कुणाच्या छातीत दुखलं, हालोल रस्त्यावर अपघात झाला, सुनेला रात्री कळा सुरू झाल्या, की आपण हाच नंबर फिरवतो. फोन अहमदाबादजवळच्या कठवाडा इथल्या केंद्रात जातो आणि जवळची गाडी निघते.

ही सेवा चालवणारी ईएमआरआय ही संस्था २००५ साली हैदराबादला सुरू झाली. संस्थापक होते सत्यम कॉम्प्युटर्सचे रामलिंग राजू. गुजरातमध्ये ती ऑगस्ट २००७ मध्ये आली. आणि दीडच वर्षात, ७ जानेवारी २००९ रोजी, राजूंनी पत्र लिहून कबुली दिली की सत्यमच्या ताळेबंदात दाखवलेली ५,००० कोटींहून अधिक रक्कम मुळात नव्हतीच. देशभर खळबळ उडाली. पुढे २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना दोषी ठरवून ७ वर्षांची शिक्षा सुनावली.

त्या वेळी १०८ बंद करा, असं म्हणणं सोपं होतं. पण ती बंद पडली नाही. राजू संस्थेतून बाहेर पडले. गाड्या चालवण्याच्या खर्चाचा फार मोठा भाग राज्य सरकारं उचलत होती, त्यांनी हात आखडता घेतला नाही. त्याच वर्षी जीव्हीके समूहाने संस्थेची जबाबदारी घेतली. नाव पुढे आणखी एकदा बदललं, पण नंबर तोच राहिला. महाराष्ट्रातही २०१४ पासून, वेगळ्या संस्थेमार्फत, १०८ सुरू झाली. खुद्द सत्यमचंही तसंच झालं. सरकारने जुनं संचालक मंडळ दूर करून दीपक पारेख, किरण कर्णिक यांच्यासारखी माणसं नेमली आणि तीन महिन्यांत पुण्याच्या टेक महिंद्राने कंपनी घेतली. हजारो घरांच्या चुली पेटत्या राहिल्या.

यातून आपण काय घ्यायचं? संस्थापकाला माफ करायचं, असं मुळीच नाही. त्याचा न्याय न्यायालयात होईल, व्हायलाच हवा. पण काम खरं असेल, तर ते त्याच्याबरोबर बुडवायचं कारण नाही. १०८ची गाडी खरी होती, वाचलेला जीव खरा होता. याउलट दामदुप्पट देणाऱ्या साखळी योजनांमध्ये काम म्हणजेच फसवणूक असते. तिथे आणखी एक रुपया घालणं म्हणजे आगीत तेल ओतणं. तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारायचा, की संस्थापकाला बाजूला केल्यावर मागे काही उरतं का?

आपल्या उपक्रमात उरतं. शिकवणाऱ्या ताई आजही येतात, मुलं आजही दप्तर घेऊन बसतात. आपल्यापैकी काही जण जाऊन बघून आले.

पण नुसत्या सहानुभूतीने भागणार नाही. १०८ वाचली ती लोक हळहळले म्हणून नव्हे. सूत्रं दुसऱ्याच्या हाती गेली आणि पैसा येत राहिला, म्हणून ती वाचली. त्यामुळे मदत चालू ठेवायची, पण अटी घालून, असं कार्यकारिणीला वाटतं. एक, संस्थापकाकडे ना पद राहील, ना सहीचा अधिकार. ट्रस्टी बदलले की चॅरिटी ऑफिसात चेंज रिपोर्ट द्यावा लागतो, त्याची नक्कल आपण मागायची. दोन, ऑडिट झालेले हिशेब दरवर्षी आपल्याला दाखवायचे. तीन, ते होईपर्यंत हातात रोख द्यायची नाही. फी थेट शाळेत भरायची, वह्या-पुस्तकं आपणच विकत घेऊन द्यायची. अटी मान्य नसतील, तर आपली मदत दुसऱ्या कामाकडे वळवायला आपण मोकळे आहोत.

कुणी म्हणेल, एवढ्या छोट्या मदतीसाठी एवढी चौकशी? हो, एवढी हवीच. वर्गणी देणाऱ्या आजींनी पेन्शनमधून दिलेले पैसे मोजूनच दिले होते, आपणही ते मोजूनच पुढे द्यायला हवेत. आणि हा नियम दुसऱ्यांना लावताना आपल्या मंडळाचा जमाखर्चही याच स्मरणिकेत दरवर्षीप्रमाणे छापला पाहिजे.

अनंत चतुर्दशीनंतरच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव येईल. ज्यांना मदत थांबवावी असं वाटतं, त्यांनी तर आवर्जून यावं. त्यांच्या शंकांमुळेच या अटी इतक्या नेमक्या झाल्या आहेत. जूनमध्ये शाळा उघडतील तेव्हा त्या मुलांची फी भरलेली असावी आणि तिची पावती आपल्या फायलीत असावी, एवढीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!