लहान म्हणजे उणं नव्हे



माझा भाचा लग्नाचे फोटो काढतो. दिवसदिवस अवजड कॅमेरा गळ्यात वागवून त्याचा खांदा धरला. म्हणून त्यानं लहान सेन्सरचा, हलका कॅमेरा घेतला. खांद्याला आराम पडला. पण पहिल्याच लग्नाची बोलणी करून तो तोंड पाडून घरी आला. म्हणाला, "मामू, नवरीचे वडील म्हणतात, कॅमेरा एवढुसा, मग पैसेही तेवढेच घ्या!" बरं, दुकानदारानंही विकताना हेच सांगितलं होतं, 'सेन्सर लहान आहे, पण काम भागेल.'

काम भागेल म्हणून का कुणी चांगली वस्तू विकतं?

मी बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस. यंत्रातलं मला भाच्यानंच शिकवलं. जुन्या कॅमेऱ्यात जिथं फिल्म असे, तिथं आता प्रकाश टिपणारा सेन्सर असतो. मोठा सेन्सर 36 बाय 24 मिलिमीटरचा. त्याला 'फुल फ्रेम' म्हणतात. ऑलिम्पस आणि पॅनासॉनिक यांनी 2008 साली जाहीर केलेल्या 'मायक्रो फोर थर्ड्स' पद्धतीतला सेन्सर साधारण 17 बाय 13 मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळानं जवळपास चौथा हिस्सा. एकाला 'फुल' म्हटलं की दुसरा आपोआप 'हाफ' ठरतो. पुढे 2021च्या आरंभी ऑलिम्पसचा कॅमेऱ्याचा व्यवसाय वेगळ्या कंपनीकडे गेला. तो आता 'ओएम सिस्टिम' या नावानं चालतो.

गंमत पाहा. आज जिला 'फुल' म्हणतात, ती चौकट एके काळी 'मिनिएचर' म्हणून ओळखली जाई. जर्मनीत ऑस्कर बार्नाक यांना काचेच्या प्लेटांचा अवजड कॅमेरा वाहणं झेपेना. त्यांनी सिनेमाच्या फिल्मवर चालणारा छोटा कॅमेरा घडवला. तोच 1925 साली बाजारात आलेला लायका. त्याच्या लहानपणाबद्दल कुणी माफी मागितली नाही. 1959च्या ऑलिम्पस पेननं तर तीही चौकट निम्मी केली. पण ग्राहकाला त्याचा अर्थ साधा होता : 36 फोटोंच्या रोलमध्ये 72 फोटो! लहानपणाचा फायदा बोटांवर मोजता येत होता.

आजही तो तसाच दाखवता येईल. आपल्या सोलापुरातला चादरवाला काय करतो? धाग्यांचा हिशेब सांगत बसत नाही. घडी उलगडतो, चादर समोर पसरतो, म्हणतो, 'हात लावून बघा.' कंपनीनं हेच करावं.

नान्नजच्या माळरानावर पहाटे काळवीट टिपायला लांब पल्ल्याची लेन्स लागते. फुल फ्रेमची 600 मिलिमीटरची मोठी लेन्स तीन किलोंच्या घरात जाते. लहान सेन्सरवर 300ची लेन्स तेवढंच दृश्य जवळ आणते, आणि तिचं वजन सव्वा ते दीड किलो. दुकानात या दोन पिशव्या गिऱ्हाइकाच्या दोन खांद्यांवर अडकवा. पुढं बोलायचं कामच नाही.

सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वज पेलणाऱ्याचा चेहरा आणि मागची गर्दी, दोन्ही स्पष्ट हवीत ना? सारख्याच छिद्रावर लहान सेन्सरला ते सोपं जातं. त्या चित्रांचे मोठे प्रिंट काढा. फुल फ्रेमच्या प्रिंटांशेजारी, कॅमेऱ्याचं नाव न लिहिता, हुतात्मा स्मृती मंदिरासारख्या ठिकाणी मांडा. लोकांनाच ओळखू द्या.

आणि उणीवही आपणहून सांगा. रात्रीच्या अपुऱ्या उजेडात मोठा सेन्सर सरस ठरतो. लहानात दाणे लवकर उठतात. मागची पार्श्वभूमी विरघळून टाकायची, तर तिथंही मोठाच पुढे. हे विकणाऱ्यानं आधी सांगितलं, तर त्याच्या बाकीच्या बोलण्यावर विश्वास बसतो. दडवलेलं व्यंग मात्र लग्नानंतर कळलं की भांडण होतं!

शेर दोनच ओळींचा असतो. त्याला कुणी अर्धी कविता म्हणत नाही; कारण शायर तो वाचताना खाली मान घालत नाही.

भाच्याला मी एवढंच सांगितलं, 'बाबा, पुढच्या वेळी कॅमेरा पिशवीतच ठेव. आधी अल्बम उघड.' परवा त्यानं तसंच केलं. त्या गृहस्थांनी पानं उलटली आणि लग्नाची तारीख सांगितली. कॅमेरा केवढा आहे, हे विचारायचं त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.